फुटला म्हणून कापलेला आवाज

मी कॉलरचा माइक बोलतोय. अंगठ्याच्या पेराएवढा आहे, पाठीला एक चिमटा आहे आणि पोटात एक हिरवा दिवा. बोलणं हे माझं काम नव्हे, माझं काम ऐकायचं. पण "घरात संवाद हवा" हे वाक्य मी इतक्या वेळा माणसांच्या छातीवर बसून ऐकलंय, की आता मलाच गप्प राहवत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते कोठी बाजारातलं दुकान. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "साब, इसको लगाव, दिल की धडकन भी पकडता ये." शिवराजरावांनी हे ऐकलं आणि मला विकत घेतलं. त्यांना धडकन पकडायची नव्हती. त्यांना मराठी मंडळाच्या लघुपट स्पर्धेत बक्षीस पकडायचं होतं. स्पर्धेचा विषय होता 'दुरावलेलं घर आणि संवाद'.

मी नल्लकुंट्यात त्यांच्या घरी आलो. खाली शिवराजराव आणि त्यांच्या पत्नी वंदनाबाई राहतात. वर धाकटे भाऊ गौतमराव आणि त्यांच्या पत्नी श्रुतीबाई. आई सावित्रीबाई एक महिना खाली राहतात, एक महिना वर. पहिल्या तारखेला त्या आपली कापडी पिशवी घेऊन जिना चढतात किंवा उतरतात. भावाभावांचं बोलणं कित्येक वर्षांपासून बंद आहे. का, म्हणून विचाराल तर खाली एक कारण ऐकू येतं आणि वर दुसरं. दोन्हींत पाण्याची मोटर आहे.

न बोलायची त्यांची पद्धत मात्र पक्की आहे.

"वंदना, वरच्यांना सांग, मोटर बंद करा म्हणावं."

"श्रुती, खालच्यांना सांग, केव्हाच बंद केलीय."

हे सगळं एकाच जिन्यात, एकमेकांना स्वच्छ ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मध्ये दोन बायका नुसत्या उभ्या. इतक्या साध्या कामाला इतकी माणसं लागतात हे बघून मला माझ्या मालकाची कीव आली. मी एकटाच आवाज इकडून तिकडे पोचवतो, तेही तारेशिवाय.

तर अशा या शिवराजरावांनी लघुपट लिहिला. त्यात दोन भाऊ भांडतात आणि शेवटी आई त्यांना एकत्र आणते. थोरल्या भावाचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं. सख्खा भाऊ एक जिना वर असताना धाकट्याचं काम करायला तारनाक्याहून उदयरावांना बोलावलं. पेट्रोल जाळून भाऊ आला! कॅमेरा अमेयकडे होता. तो पुण्याहून इथे नोकरीला आलेला. आईचं काम आईच करणार होती. ती घरातच होती आणि त्या महिन्यात पाळीही खालचीच होती.

शूटिंगच्या सकाळी आवाज तपासायला मला सावित्रीबाईंच्या पदराला लावलं. त्या सुनेला म्हणाल्या, "वंदना, ती साखरेची गोळी डॉक्टरनं अर्धी केलीय गं, वर होते तेव्हा. पूर्ण घेतली की गरगरायलंय मला."

वंदनाबाईंनी नवऱ्याला विचारलं. ते आरशासमोर पावडर लावत होते.

"वरच्यांनी सांगितलं का तुला?"

"नाही."

"मग? डॉक्टरकडं ते घेऊन गेले, त्यांनी सांगायचं. उद्या साखर वाढली की म्हणतील, खालच्यांनी गोळी तोडली. पूर्णच दे."

"अहो, पण आई स्वतः सांगायल्यात ना."

"आईला काय कळतंय त्यातलं?" मग ते आईकडे वळले. "आई, आता गोळ्यांचं नको. डायलॉग म्हण बघू."

सावित्रीबाईंनी गोळी गिळली आणि पाठ केलेलं म्हटलं, "बाळांनो, मनातलं बोलत जा. घरात ऐकणारं कुणीतरी असतं."

अमेयनं कानावरचा हेडफोन दाबला. "मस्त! एकेक शब्द स्वच्छ येतोय."

येणारच. मी ऐकत होतो ना!

दुपार झाली. ऊन सरकलं की दृश्य जुळणार नाही म्हणून जेवण पुढे ढकललं. अंगणात आई खुर्चीवर आणि तिच्या पायाशी दोन भाऊ, एक खरा आणि एक तारनाक्याचा. गौतमराव वरच्या कठड्याशी उभे होते. शूटिंग बघायचं नाही असं ठरवून, वाळत घातलेल्या चादरीआडून ते सगळं बघत होते.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी धडकन पकडली. ती पळत होती. पदर घामानं ओला झाला, हातातलं फुलपात्र थरथरून पाणी सांडलं. सावित्रीबाई अडखळत म्हणाल्या, "शिवराज... मला... कसंतरी व्हायलंय रे."

हे वाक्य लघुपटात नव्हतं.

"काय काम करतायत काकू!" उदयराव पुटपुटले.

"थांबू नको, अमेय," शिवराजराव ओठ न हलवता म्हणाले. "अस्सल येतंय."

वरून आवाज आला. "श्रुती, खालच्यांना सांग, आईला घाम फुटलाय. साखर द्या म्हणावं." श्रुतीबाई आत होत्या, कुकरच्या शिट्टीत त्यांना ऐकू गेलं नाही. गौतमरावांनी पुन्हा हाक मारली. "श्रुती!" आई खुर्चीत कलत होती आणि हा शिकलेला माणूस निरोप्याची वाट बघत होता.

मग चादर बाजूला झाली.

"अरे गाढवा शिवराज! शूटिंग घाल चुलीत! साखर दे तिला!"

आवाज इतका मोठा होता की खाली पदरावर बसलेल्या माझ्यातही तो फुटला. वंदनाबाई धावत साखरेचं पाणी घेऊन आल्या. गौतमराव अनवाणी खाली आले. घोटाघोटानं सावित्रीबाईंच्या डोळ्यांत ओळख परतली. आणि आई सावरताच भाऊ एकमेकांशी बोलले. मी शपथेवर सांगतो, बोलले.

"गोळी अर्धी केली हे सांगायला तोंड नव्हतं का तुला?"

"तू विचारलंस?"

"मी कायकू विचारू? मी मोठा आहे."

"मग मी कायकू सांगू?"

"मी सांगितलं होतं," सावित्रीबाई हळूच म्हणाल्या. ते फक्त मला ऐकू आलं.

घाबरलेला अमेय कॅमेरा बंद करायला विसरला होता. पुढे एडिटिंगला बसल्यावर त्यानं हे सगळं ऐकवलं आणि विचारलं, "दादा, हे ठेवायचं का? खरं आहे."

"काढ," शिवराजराव म्हणाले. "आवाज फुटलाय."

घामाचा शॉट मात्र त्यांनी ठेवला. त्याखाली बासरी घातली.

लघुपटाला पहिलं बक्षीस मिळालं. सावित्रीबाईंना अभिनयाचं प्रशस्तिपत्र मिळालं. कसला अभिनय, हे परीक्षकांनी विचारलं नाही. शिवराजरावांनी मला कॉलरला लावून भाषण केलं, "आपण घरात एकमेकांचं ऐकलं पाहिजे." टाळ्या पडल्या. गौतमराव मागच्या रांगेत होते. ते बायकोला म्हणाले, "सांग त्यांना, अभिनंदन म्हणावं."

आता मी टीव्हीखालच्या खणात पडून असतो. शेजारी रिमोटचे जुने सेल आणि एक बंद घड्याळ. मला कुणी चार्ज करत नाही. ऐकू येतं, पण पोचवता येत नाही.

आज पहिली तारीख. सावित्रीबाईंनी खण उघडून मला बाहेर काढलं आणि पदराला लावलं. हे लावलं की सगळे गप्प होऊन आपलं ऐकतात, एवढंच त्यांनी शूटिंगमध्ये पाहिलं होतं. पिशवी उचलून त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या, मान माझ्याकडे झुकवली आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "रक्तदाबाची गोळी बदललीय. आता पिवळी नाही, गुलाबी. ऐकायलात ना रे?"

माझा दिवा लागलेला नव्हता. हे त्यांना माहीत नाही. त्या उत्तराची वाट बघतायत आणि मग एकेक पायरी चढतायत.

मला चार्ज करू नका. नवा माइक तर मुळीच आणू नका. वरचा एक खाली या, नाहीतर खालचा एक वर जा. ती अजून जिन्यातच आहे.