चंदेरी पेटीतला लाल दिवा

मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर नाहीतर दाराच्या वर, दिवे लुकलुकवत बसलेली एक चपटी डबी असेल. ती चालते तोवर तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि बंद पडली की घरातली सगळी माणसं तिच्याभोवती जमून तिला नावं ठेवतात. त्याच कुळातला मी एक म्हातारा राउटर. माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे. पोटाखालच्या चार रबरी पायांपैकी तीन गळून पडले आहेत आणि दोन अँटेनांपैकी एक सारखी मान टाकते. तरी मी अजून कामावर आहे. ही हकीकत सांगतो आहे ती वयाचं कौतुक करून घ्यायला नव्हे. माझ्यासमोर एक वाईट गोष्ट घडली आणि मला काही करता आलं नाही, ती कुणाला तरी सांगायची राहून गेली आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका दातांच्या दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांच्या डोक्यावर मला बसवलं होतं. गाल सुजलेली माणसं माझ्या जोरावर फोनमध्ये डोकं घालून बसायची आणि इथलं वाय-फाय झकास आहे असं डॉक्टरांना सांगायची. दात चांगला काढला असं मात्र कुणी सांगितल्याचं आठवत नाही. पण नव्याचे नऊ दिवस. माझ्यापेक्षा वेगवान, चार अँटेनांचा एक काळा राउटर आला, आणि एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझी वायर उपटली गेली. तिथून मी संगणक दुरुस्तीच्या दुकानात, गुंतलेल्या तारांच्या खोक्यात जाऊन पडलो. खोक्यात माझ्यासारखाच एक होता, त्याच साच्यातून निघालेला, फक्त कोपरा फुटलेला आणि त्यावर चिकटपट्टी लावलेली. त्याला मी धाकटा म्हणू लागलो. दोन वर्षं आम्ही एकमेकांना टेकून अंधारात काढली.

दुकान चालवणारी बाई आपल्या कामात हुशार होती. तिचा मामा बुकबाइंडर. दोन इमारतींमध्ये एक अंगण होतं, त्याच्या एका बाजूच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर त्याचा कारखाना. कारखाना कसला, दोन खोल्या, एक कटिंग मशीन आणि खळीचा वास. अंगणाच्या दुसऱ्या बाजूच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर, आणि घरात त्याची थोरली बहीण, म्हणजे दुकानवालीची मावशी. तिला सगळे ताईच म्हणत. तीस वर्षं ताई त्याच्या शेजारी बसून पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुईदोऱ्याने शिवत होती. ती शिवायची आणि तो पुठ्ठा चढवायचा. मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला तो डावा हात आणि दोन डोळे.

मामाला काम सोडून घरी बसणं शक्य नव्हतं. सकाळी मदतनीस बाई येऊन ताईचं सगळं करून जायची, पण नंतर एक वाजेपर्यंत ताई एकटी. फोन तिला दाबता येईना. बाजारातली बिनतारी बेल आणली तर ती अंगणाच्या मध्यावर दम तोडायची. शेवटी भाचीला त्या खोक्याची आठवण झाली. तिने धाकट्याला ताईच्या खिडकीत बसवलं आणि मला कारखान्याच्या खिडकीत, समोरासमोर. दोन इमारतींतली दोन जाळी आमच्या दोघांच्या बोलण्यातून जोडली गेली. ताईच्या उशाशी बशीएवढं लाल बटण ठेवलं. तिने ते दाबलं की धाकटा मला सांगणार आणि मी माझ्या पाठीत खोवलेल्या तारेतून कारखान्यातली बेल वाजवणार, एवढं साधं काम.

भाचीने मामाला माझ्या पोटावरचा दिवा दाखवला. हिरवा म्हणजे जोडलेलं आहे, लाल झाला की तिला फोन करायचा, आणि स्वतः काही करायला जायचं नाही. मामाने मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही रोज शाळेत तेच करता.

पहिल्यांदा बेल वाजली तेव्हा मामाने खळीचा ब्रश तसाच पुस्तकावर टाकला आणि जिन्यावरून धावत सुटला. ताईला पाणी हवं होतं, एवढंच. नंतर तो धावायचा नाही, पण जायचा मात्र दर वेळी. कधी कूस बदलून हवी असायची, कधी पंखा बंद करायचा असायचा. एकदा धापा टाकत वर पोचला तर ताईने डाव्या हाताने नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. समोरच्या पत्र्यावर मांजरीने तीन पिल्लं आणून ठेवली होती. मामा म्हणाला की हातातलं काम टाकून आलो ते मांजर बघायला काय, आणि मग दहा मिनिटं तिथेच बघत बसला. हे सगळं मला धाकटा सांगायचा. अंगणात ओल्या चादरी वाळत पडल्या की आमचं बोलणं अडखळायचं, त्या सुकल्या की पुन्हा सुरळीत. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते. दवाखान्यात मी दिवसाला शंभर माणसांच्या उपयोगी पडत होतो, इथे एकीच्याच. पण ती माझ्यावाचून अडली असती.

मामाचा माझ्यावर फार जीव. कटिंग मशीनमधून कागदाची बारीक भुकटी उडायची आणि माझ्या अंगावर बसायची. तो रोज मला फडक्याने पुसायचा. पुसून समाधान होईना, तेव्हा त्याने मला एक पेटी करायचं ठरवलं. मामाला जगात कशाचीही काळजी वाटली की तो त्याला पुठ्ठा चढवायचा. चष्म्याला पेटी, औषधांना पेटी, कात्रीलाही पेटी. मग मी कसा सुटणार? त्याने जाड पुठ्ठा कापला, वर गडद निळं कापड लावलं, कोपरे असे दुमडले की सांधा सापडू नये. आतून त्याने चंदेरी धातूचा कागद चिकटवला. मौल्यवान पुस्तकांच्या पेट्यांना दमट हवा लागू नये म्हणून तो हाच कागद वापरत असे. झाकणावर सोनेरी अक्षरांत छापलं, 'ताईची बेल'. एका सकाळी, नुकतंच कारखान्याचं कुलूप काढून, त्याने मला त्या पेटीत निजवलं. मी मावेना म्हणून माझ्या दोन्ही अँटेना मुडपल्या, तारांसाठी ठेवलेल्या फटीतून तारा बाहेर काढल्या आणि झाकण लावलं.

इतका मान माझ्या कुळात कुणाला मिळाला नसेल. आणि त्याच क्षणी धाकट्याचा आवाज बंद झाला.

आमचं बोलणं पुठ्ठ्यातून जातं, कापडातून जातं, धातूतून मात्र जात नाही. माझ्या चहूबाजूंनी धातू होता. मी हाका मारल्या, त्या चंदेरी कागदावर आपटून माझ्याचकडे परत आल्या. माझा दिवा लाल झाला. त्या दिव्याशिवाय मला दुसरं तोंड नाही, आणि त्याचा उजेड पेटीच्या आत माझ्याच अंगावर पडत होता. बाहेर मामाचा संगणक माझ्याच तारेवर व्यवस्थित चालू होता, म्हणून त्याला शंका यायचंही कारण नव्हतं. गिऱ्हाईकं येत होती, पेटीवरून हात फिरवून वाहवा करत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुढचं मला धाकट्याकडून नंतर कळलं. अकराच्या सुमारास ताई उशीवरून घसरली. तिची उजवी बाजू पलंगाच्या कडेवरून खाली लोंबायला लागली. तिने बटण दाबलं. धाकट्याने मला हाक मारली. मी पेटीत. तिने पुन्हा दाबलं. खिडकीतून तिला समोरच्या खिडकीत मामा दिसत होता, पाठमोरा, खाली वाकून काम करणारा. ती दाबत राहिली आणि त्याची पाठ हलली नाही. शेवटी ती जमिनीवर पडली आणि बटण वर पलंगावर राहिलं.

आणि कारखान्यात मामा स्वतःशीच बोलत होता की आज ताईला छान झोप लागलेली दिसते. ते शब्द मी ऐकले. तेव्हा त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता, पण माझा दिवा लाल आहे एवढं ठाऊक होतं. ते एवढंसं सांगायला मला जीभ नव्हती.

एक वाजता मामा घरी गेला. ताईचं हाड मोडलं नव्हतं, खांदा तेवढा काळानिळा झाला होता. मामाने तिला उचलून ठेवलं तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या हातून ती जेवली नाही. त्यानंतर तिने बटणाला हातही लावला नाही. तिच्या मनात पक्कं बसलं होतं की भावाने बेल ऐकली आणि तो आला नाही. विचारायचं कसं? वाचा नव्हती. मामाच्या मनात दुसरंच. तो कारखान्यात येऊन फोनवर भाचीशी बोलला ते मी पेटीतून ऐकलं.

"इतकी वर्षं करतोय गं मी. हिला साधं बटण दाबायला काय झालं होतं? पडेपर्यंत कशाला थांबायचं?"

म्हणजे तो तिच्यावर रागावलेला आणि ती त्याच्यावर, दोघंही निर्दोष, आणि दोघांमधला एकुलता एक साक्षीदार निळ्या कापडात गुंडाळलेला. चार दिवस असे गेले. मित्रांनो, खोक्यातली दोन वर्षं मी हसत काढली होती. हे चार दिवस काही केल्या सरेनात.

चौथ्या दिवशी भाची आली. तिने पेटी पाहिली आणि दिवा कुठे आहे असं विचारलं. मामाने अभिमानाने झाकण उघडलं. लाल उजेड तिच्या तोंडावर पडला.  आधी तिने मला उचलून खिडकीत ठेवलं, माझ्या अँटेना सरळ केल्या, आणि दिवा हिरवा झाल्यावर संगणकावर धाकट्याची नोंदवही उघडली. आम्ही राउटर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक हाकेची नोंद ठेवतो. त्या दिवशीच्या पानावर अकरा दहा ते साडेबारा या वेळात एकोणीस हाका होत्या. एकही पोचलेली नव्हती.

मामा स्टुलावर बसला. बराच वेळ त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, कारण पेटी त्या हातांनी केली होती.

मग तो उठून घरी गेला. भाची माझ्याजवळ थांबली आणि दोघांनी फोन चालू ठेवले. फोनमधून मामाचा आवाज आला, "ताई, आता दाब." धाकट्याने हाक दिली, मी बेल वाजवली. ती फोनमधून ताईच्या खोलीत ऐकू गेली. मग भाचीने मला उचलून पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

"आता पुन्हा दाब."

बेल गप्प. मी पुन्हा त्याच लाल उजेडात.

"बघ," मामा म्हणाला. "मला ऐकूच आलं नव्हतं गं. त्या पेटीने अडवलं. मीच केली होती ती."

 भाचीने मला बाहेर काढलं. अंगणापलीकडे धाकट्याचा दिवा दिसला, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी बेल वाजली. मग परत वाजली. ताई दाबतच राहिली आणि मी वाजवतच राहिलो. किती वेळा ते मी मोजलं नाही. जन्मभर मोजत आलेल्या मला पहिल्यांदाच मोजावंसं वाटलं नाही.

आता मी पुन्हा उघडा बसतो. अंगावर कागदाची भुकटी बसते आणि मामा ती पुसतो. त्या पेटीत त्याने ताईच्या जुन्या सुया ठेवल्या आहेत. रोज अकरा दहाला ताई एकदा बटण दाबते. तिला काही नको असतं. मामा खिडकीशी येऊन हात वर करतो आणि ती आपला डावा हात वर करते.

पण मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझा हिरवा दिवा अधूनमधून मंदावतो, आणि ते मामाला कसं सांगावं हे मला आजही माहीत नाही. जपायचं म्हणून कुणाला झाकून टाकू नका, त्याचा दिवा दिसेल असं ठेवा. आणि एखाद्या दिवशी बेल वाजली नाही, तर आपल्या माणसावर रागावण्याआधी उठून एकदा माझ्याकडे बघा.