ओवीतली सासू

मोहिनी वकील म्हटलं की नाशिकच्या कोर्टात अपघाताचे दावे, हे समीकरण पक्कं होतं. ट्रक, टेम्पो, एसटी, सगळ्यांच्या धडका तिला पाठ होत्या आणि त्यांचा कंटाळाही तितकाच आला होता. सिनेमाचं वेड मात्र शाळेपासूनचं. म्हणून २००४ साली कुंदन ऑफिसात आला, तेव्हा तिनं समोरची फाईल लगेच बाजूला सारली.

कुंदन एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. रजा टाकून, मित्रांना हाताशी धरून त्यानं नामपूरकडच्या बायकांवर सिनेमा केला होता. तो एका महोत्सवात निवडला गेला. पण आयोजकांना त्यातल्या ओव्यांसाठी गाणारणीची लेखी परवानगी हवी होती.

"भागुबाईंनी हौसेनं गायलं हो मॅडम. आता सही मागितली तर नाही म्हणतात."

"का?"

"सांगत नाहीत. नुसत्या लाजतात."

मोहिनी कुंदनला घेऊन नामपूरला गेली. भागुबाईनं तिला हाताला धरून कांद्याच्या चाळीमागं नेलं आणि कुजबुजली, "ओवीमा मनी सासूनं नाव शे. सिंधुबाई सासू मनी, जशी मिरची तिखट! आनि ती अजून जिती शे!"

मोहिनीला हसू आवरेना. ती ओवी कापली की प्रश्न मिटत होता. पण कुंदन हट्टाला पेटला. "तेवढंच तर खरं आहे माझ्या सिनेमात!"

"मग सासूबाईंनाच विचारू," मोहिनी म्हणाली.

सिंधुबाई अंगणात ऊन खात बसली होती. मोहिनीनं घसा खाकरला, न्यायाधीशासमोर बोलावं तशी प्रस्तावना केली आणि कुंदननं कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर ओवी लावली. भागुबाई तोंडात पदर धरून दाराआड उभी. ओवी संपली. म्हातारीनं सुनेकडं पाहिलं.

"हाई तं मी रोज आयकस," ती शांतपणे म्हणाली. "जात्यावर बसनी का मनाच उद्धार!"

भागुबाईनं डोळेच मिटले. म्हातारी मात्र कुंदनकडं वळली. "आते मनी ओवी घे. मनी सासू मनापेक्षा खट व्हती."

आणि तिनं गळा मोकळा सोडला. कुंदननं धडपडत कॅमेरा सुरू केला. दुसऱ्या ओळीला दाराआडून सुनेचा आवाज येऊन मिळाला. त्या ओवीतली सासू हरकत घ्यायला हयात नव्हती, त्यामुळं मोहिनी एक सही आणि एक अंगठा घेऊन निश्चिंत मनानं परतली.

महोत्सवात सगळ्यात जास्त हशा सिंधुबाईनं घेतला. बार रूममध्ये ज्येष्ठ वकिलांनी मोहिनीला विचारलं, "सासू-सुनेचं प्रकरण म्हणजे फॅमिली कोर्टच ना?" पुढच्याच महिन्यात येवल्याहून दोन लेखक आले. एकाच पटकथेवर दोघांचा दावा आणि दोघांचा एकमेकांशी अबोला. मोहिनीनं अपघाताचे दावे ज्युनिअरकडं सोपवले, दोघांना एकाच बाकावर बसवलं आणि चहा सांगितला.