सहा पट्ट्या, आठ तुकडे आणि हम्मादीच्या मिशा

मोरोक्कोतल्या फेस शहरात, फरशीवाल्यांच्या गल्लीत आधी हम्मादीच्या मिशा वळायच्या, मग हम्मादी. बावीस वर्षं तेल पाजलेल्या त्या मिशा गड्याने भर दुपारी पैजेला लावल्या!

समोर राहणारे निवृत्त गणितमास्तर बेन्नासर पुदिन्याचा चहा घेऊन त्याच्या फरशीच्या दुकानात टेकले होते. हम्मादीला खाज सुटली.

"मास्तर, तुमचं बीजगणित पोरांना रडवायला. मला कसलेही तुकडे द्या, चौकोन जुळवतो. लांबट म्हणा, चौरस म्हणा. नाही जुळला तर चौकात मिशा उतरवीन!"

"आणि जुळला तर?"

"तुम्ही गाढवावर उलटं बसून गल्लीभर मिरवायचं!"

"कबूल. असरच्या, दिवस कलतानाच्या अजानपर्यंत. तोडफोड नाही, तुकडा उरवायचा नाही."

मास्तरांनी एक मोठी चौरस फरशी मांडली, तिच्याच लांबीच्या बोटभर रुंद सहा पट्ट्या, आणि बोटभर चौरस आठ तुकडे. दारावर खडूने लिहिलं: क्ष वर्ग अधिक सहा क्ष अधिक आठ.

"हा क्ष कोण?"

"मोठ्या फरशीची बाजू. किती का असेना."

हम्मादी हसला. तीन पट्ट्या उजवीकडे, तीन खाली. नक्षीवाला माणूस, दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर घास उतरायचा नाही त्याला. कोपऱ्यात तुकडे भरले. सहा, सात, आठ... आणि एक भोक!

"एक तुकडा कमी आहे!"

"मोजून दिलेत."

"मास्तर, खिसे दाखवा!"

मास्तरांनी झग्याचे खिसे उलटे केले. दोन खजूर पडले. तोवर गल्ली गोळा झाली होती. हम्मादीने सगळं मोडलं, पुन्हा मांडलं. तीन-तीन. पुन्हा भोक! कपाळावर घाम, मिशांची टोकं खाली. आणि अजान झाली.

"हरलास ना?"

"हा चौकोन कुणाच्या बापाला जमणार नाही!"

मास्तर वाकले. खालची एक पट्टी उचलून उजवीकडे लावली. उजवीकडे चार, खाली दोन. कोपऱ्यात चार दुणे आठ तुकडे गच्च बसले. एक बाजू क्ष अधिक चार, दुसरी क्ष अधिक दोन.

हम्मादी ताडकन उभा! "थांबा, थांबा! बेरीज केली की पट्ट्या, गुणले की तुकडे! म्हणजे सात पट्ट्या, बारा तुकडे असते तर..." बोटं नाचली. "तीन आणि चार! अरे, हे तर मला झोपेतही जमेल!"

"आधी मिशा," मास्तर म्हणाले.

चौकात खुर्ची मांडली. लआरबी न्हाव्याने साबण फासला, बायका गच्चीवरून किलकारल्या. वस्तरा डाव्या मिशीवर फिरला, उजव्या मिशीवर आला, आणि हम्मादी फेसातून ओरडला, "मास्तर, अजून एक द्या! अवघड!"

"दहा पट्ट्या, एकवीस तुकडे."

"तीन आणि सात!"

"हलू नकोस रे, नाक जाईल!" लआरबी खेकसला, आणि उरलेली मिशी टपकन मांडीवर पडली.