लाल दोऱ्याची बंदूक

“फुगा बघू नगंस! माशी बघ, माशी!” हंबीरराव ओरडले, आणि आकारामचा छर्रा फुग्याच्या बाजूनं जाऊन मागच्या फळीत रुतला.

“माशीच बघतोय की आबा.”

“मग लागंना का? नळीच्या तोंडावरचं ते टोक, ती माशी, स्वच्छ दिसाय पायजे. मागच्या खाचंत, बरोबर मधी. फुगा धुरकट दिसंना का! दोन्हीकडं बघणाऱ्याला एक बी गावत न्हाय. श्वास अर्धा सोड, अर्धा धर. आन् घोडा हिसकायचा न्हाय. लिंबू पिळल्यागत दाब.”

अंबूबाई फळीशेजारी पोत्यावर बसून फुगे फुंकत होती. तिनं मान वर केली नाही. तोंडात फुगा असला की बोलावं लागत नाही, हा या धंद्यातला एकच फायदा. लग्न होऊन टेंबलाईच्या टेकडीच्या पायथ्याला उचगावात आल्यापासून तिनं फुंकायचं आणि लोकांनी फोडायचं, असा तिचा संसार चालला होता.

नवऱ्याचा, पिराजीचा, फुगे फोडायचा गाडा होता. संध्याकाळी रंकाळ्यावर, नवरात्रात टेकडीवरच्या जत्रेत. छर्ऱ्याच्या तीन बंदुका, आणि तिन्हींच्या माश्या पिराजीनं पक्कड लावून कणभर मोडलेल्या. बघणाऱ्याला कळू नये, पण फुगाही फुटू नये, एवढ्याच. सगळे फुगे फोडणाऱ्याला काचेचा पेला होता, आणि ते पेले वर्षानुवर्षं पुसून पुसून अंबूबाईच्या ओळखीचे झाले होते. गाड्यावरच वाढलेल्या त्यांच्या पोराला, आकारामला मात्र कुठली बंदूक कुणीकडं ओढते हे तोंडपाठ होतं. डोळा मारावा तितक्या सहज तो फुगे फोडायचा. अख्ख्या उचगावात त्याच्यासारखा नेमबाज नाही, असं लोक म्हणायचे, आणि त्यालाही ते खरं वाटायचं.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यानं फौजेत जायचं काढलं. लष्करातून हवालदार होऊन परतलेले हंबीरराव शेजारीच राहत. पोराची परीक्षा घ्यायला म्हणून त्यांनी बंदूक हातात घेतली आणि त्यांचे स्वतःचेच सगळे छर्रे एकाच बाजूला जाऊन फुकट गेले. त्यांनी माशीवरून अंगठा फिरवला आणि पिराजीला जी शिवी घातली ती अंबूबाईनं फुगा फुंकता फुंकता ऐकली.

“लेका, गिऱ्हाइकाला फसीव, पोटच्या पोराला बी? वाकड्या माशीची सवय घिऊन त्यो तिकडं जाऊन काय करनार? झाडं मारनार व्हय?”

पिराजी वरमला. त्यानं एका बंदुकीची माशी सरळ केली आणि ओळखायला दस्त्याला लाल दोरा बांधला. ती आकारामची. गिऱ्हाइकाला ती द्यायची नाही.

पहिल्यांदा पोराचे सगळे छर्रे हुकले. हात आपणहून जुन्या सवयीनं बाजूला जायचा. पण दोन आठवड्यांत त्यानं सवय मोडली. हातात वीट धरून उन्हात उभा राहायचा, नळीवर बांगडीचा तुकडा ठेवून घोडा दाबायचा, तुकडा पडला तर पुन्हा पहिल्यापासून. फुगे पटापट फुटायला लागले. हंबीरराव म्हणाले, “वहिनी, आता तुमचा दम कमी पडतोय बगा!” सगळे हसले. अंबूबाईही हसली आणि घरात गेली.

घरात कॉटखाली काळी ट्रंक होती. तिचा धाकटा भाऊ गणपत पासष्टच्या लढाईत गेला, तेव्हा त्याच्याऐवजी ती आली. आई म्हणाली, माझ्या डोळ्यांपुढं नको, म्हणून अंबूबाईनं आणली आणि तिच्यात वाकळा ठेवल्या. तिला वाचता येत नव्हतं, तरी वाकळ काढताना हात झाकणावरच्या त्याच्या नावाच्या पांढऱ्या अक्षरांवरून जायचाच.

“जाऊ नगं,” असं ती पोराला एकदा म्हणाली होती. त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला, “आये, मग काय फुगं फुगवू?” फुगे तर तीच फुगवत होती. नवऱ्याला म्हणाली, तर तो म्हणाला, “तुला इचारलंय कुनी?” तेही खरं होतं.

राहिली पक्कड.

सकाळी दोघं बाप-लेक आंघोळीला गेले की ती लाल दोऱ्याची बंदूक मांडीवर घ्यायची. पक्कडीच्या तोंडाला चिंधी गुंडाळायची, पिराजी गुंडाळायचा तशी. आज डावीकडं कणभर, उद्या उजवीकडं. एकाच बाजूला मोडली असती तर पोरानं दुसऱ्या दिवशी ओळखलं असतं. तिचा हिशेब साधा होता. फौज म्हणजे बंदूक. ज्याचा नेम लागत नाही, त्याला फौज कशाला घेईल?

आकारामचे छर्रे पुन्हा हुकायला लागले. बंदुकीवर त्याला संशय आला नाही. लाल दोरा होता ना! संशय आला तो स्वतःवर. हंबीररावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यांना कणभर काय, मणभर वाकडी माशीही दिसली नसती. लाल दोरा बघून ते अंगठाही फिरवत नव्हते, नुसते ओरडायचे. पोरगं भाकरी अर्धी टाकून उठायला लागलं. एकदा तो चुलीपुढं येऊन बसला आणि उजवा हात पुढं धरला.

“आये, बग गं. थरथरतोय का?”

“न्हाय रं.”

“मग असं का हुतंय?”

तिनं त्या हातावर तूप-गूळ ठेवला. दुसरं काय ठेवणार? दुसऱ्या दिवशी पक्कडीला हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि सकाळी वाकळ ट्रंकेत ठेवताना ते मोडलं.

भरतीच्या दिवशी आकाराम पहाटे गेला आणि दुपारी उड्या मारत आला. छातीवर जांभळा आकडा उमटवलेला.

“घेतलं, आये! घेतलं!”

पिराजी पेढे आणायला धावला. अंबूबाई उंबऱ्यात तशीच उभी.

“बंदूक मारलीस?”

“बंदूक कुठली? उंची बघितली, छाती बघितली, पळवलं, दात मोजलं. बंदूक तिकडं गेल्यावर शिकवत्यात.” मग त्यानं उजवा हात उलटासुलटा करून बघितला. “तेवढंच भ्या वाटतंय बग. पळाय काय, म्हस बी पळती. माझा हातच वाकडा हाय.”

तिनं उंबऱ्यातच बसून त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. आनंदानं, असं शेजारच्या धोंडुबाईला वाटलं.

पोरगं जाणारच होतं. थांबवायचं म्हणून तिनं जे केलं, त्यानं ते थांबलं नाही, नुसतं अधू झालं होतं.

त्याच दुपारी तिनं माशी सरळ केली. हंबीररावांचे शब्द आठवून नळी डोळ्याला लावली. टोक स्वच्छ, खाचेच्या मधोमध, फुगा धुरकट. मग पोराला हाक मारली.

“चल, मार.”

“आता कशाला, आये?”

“मार म्हनते न्हवं!”

जायच्या दिवसापर्यंत तिनं त्याला सोडलं नाही. गाल दुखेपर्यंत फुगे फुंकले. पण माशी सरळ झाली तरी पोराचा भरवसा सरळ होईना. घोडा दाबायच्या ऐन क्षणी तो बिचकायचा, हात शोधत राहायचा. कधी फुटायचा फुगा, कधी नाही. फुटला तरी तो म्हणायचा, “चुकून लागला.”

स्टेशनावर गाडी सुटायला आली तेव्हा तिनं खिडकीतून त्याचं मनगट धरलं.

“आकाराम, हात वाकडा न्हाय तुझा. माशी मी मोडत हुते. पक्कडीनं. रोज.”

तो मोठ्यानं हसला.

“आये, तुला माशी कुठली कळतीया! मला बरं वाटावं म्हनून सांगतीस व्हय?” त्याचे डोळे भरून आले. “लई गुनाची हायस गं तू.”

गाडी हलली. मनगट सुटलं.

पुढच्या साली, एकाहत्तरच्या नवरात्रात टेकडीवर गाडा लागला, तेव्हा लढाई होणार, होणार, असं जो तो बोलत होता. आकाराम सीमेवर कुठंतरी होता. यंदा पिराजीच्या गाड्यावर नुसती झुंबड होती. पोरं येत होती, फटाफट फुगे फोडत होती आणि काचेचे पेले घेऊन जात होती.

“आयला, आकाराम गेल्यावर लाल दोऱ्याची बी मोडली हुती मी, तिन्ही बंदुका सरळ झाल्या कशा?” पिराजी खोकी उपसत वैतागला. “अगं ए, पक्कड कुठाय?”

अंबूबाईच्या तोंडात फुगा होता. नुकतंच मिसरूड फुटलेला कुणी पोरगा लाल दोऱ्याची बंदूक खांद्याला लावून उभा होता. त्याचा छर्रा लागेपर्यंत तिनं आपला श्वास धरून ठेवला. मग नवा फुगा खिळ्याला बांधायला उठली, आणि उठताना कमरेला खोचलेल्या पक्कडीवर पदर नीट ओढून घेतला.