डॉक्टर हाउप्ट यांनी सुचवलेलं पुस्तक

मी एक पुस्तक बोलतोय. दचकू नका, मला वाचा असं काही मी सांगणार नाही. तसं सांगणारी माणसं माझ्या आयुष्यात इतकी आली, की ते वाक्य कानावर पडलं तरी माझी पानं पिवळी पडतात.

अंगाने मी जाडजूड. मुखपृष्ठावर मातीत घसरत येणारा एक खेळाडू आहे. नदीकाठच्या लहानसहान बेसबॉल संघांच्या मागे एका पत्रकाराने वर्षानुवर्षं आपली गाडी पिदडली, म्हाताऱ्या खेळाडूंच्या अंगणात बसून त्यांना बोलतं केलं आणि मला लिहिलं. माझ्यात बनवलेलं काही नाही. जे घडलं ते, ज्यांच्या हातून घडलं त्यांच्याच तोंडून. खऱ्या गोष्टी माणसांना फार आवडतात, विशेषतः दुसऱ्यांना वाचायला द्यायला.

मला विकत घेतलं इलिनॉयमधल्या केल्सो बेंड गावच्या डॉक्टर वेंडेल हाउप्ट यांनी. माझं नववं प्रकरण त्यांच्या गावच्या संघावर, बार्जमेनवर आहे. डॉक्टर दातांचे. म्हणजे पुस्तकं सुचवायला याहून सोयीचा धंदा नाही. समोरचा माणूस आडवा पडलेला, तोंडात कापूस, हलायची सोय नाही. डॉक्टर दाढ कोरता कोरता सांगत, "बेसबॉल कळत असेल तर हे वाचायलाच हवं. मी तीनदा वाचलंय." रोगी "आँ" म्हणे. डॉक्टर तो होकार समजत आणि जाताना मला त्याच्या काखेत देत.

आता तीनदा वाचल्याचं म्हणाल, तर दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी खुणेसाठी एक कार्ड घातलं होतं. 'दिवसातून दोनदा दात घासा' असं त्यावर छापलंय. ते अजून तिथेच आहे.

गावात मी खूप फिरलो. औषधाच्या दुकानदाराने मला डुगडुगत्या पंख्याखाली ठेवलं. पाद्रीबाईंनी माझ्यात फर्नची पानं वाळवली. शाळेच्या प्रशिक्षकाने मला खिडकीत उभं केलं, ती आपोआप बंद होई म्हणून. आणि परत करताना प्रत्येकाच्या तोंडी तेच, "काय लिहिलंय, डॉक्टर! डोळ्यांत पाणी आलं." नेमकं कुठे आलं, हे डॉक्टर कधी विचारत नसत. विचारलं की चर्चा होते, आणि चर्चेत दोघंही पकडले जातात. त्यामुळे सगळं गाव मला वाचून बसलं होतं, आणि माझी पानं मात्र छापखान्यातून आली तशीच कोरी करकरीत होती.

मग मी ऑरिन ट्वेटच्या घरी गेलो.

ऑरिन धान्याच्या कोठारावर काम करायचा. बायको आर्डिस वारलेली. मैदानापासून एका गल्लीवर राहायचा, पण मैदानात कधी पाऊल टाकायचा नाही. उन्हाळ्यात तिकडून आरडाओरडा ऐकू आला की उठून खिडकी लावून घ्यायचा. डॉक्टरांनी त्याची दाढ भरताना नेहमीचं पुराण लावलं आणि वर म्हणाले, "नववं प्रकरण तर नक्की वाच, ऑरिन." ऑरिनच्याही तोंडात कापूस होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी घेऊन बसला आणि त्याने सरळ नववं प्रकरण काढलं. मला कळेना हा माणूस काय करतोय. तो वाचत होता! काही पानं झाली आणि त्याला छापलेलं स्वतःचं नाव दिसलं.

ती हकिकत अशी. ऑरिन तेव्हा कोवळा पोरगा, उन्हाळाभर या गावाहून त्या गावाला जाऊन अंपायरचं काम करायचा. बार्जमेनचा मोसमातला शेवटचा सामना होता, विजेतेपदाचा. धावा बरोबरीत, शेवटचा डाव. समोरच्या संघाचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे सुटला, तिथे पोचला की धाव पुरी. चेंडू आला, तो प्लेटमागे झेलायला बसलेल्या बार्जमेनच्या कॅचरने, लाइल बॅस्कमने घेतला, धावणारा त्याच्यावर येऊन आदळला, धुरळा उडाला. ऑरिन अगदी खाली वाकून बघत होता. त्याने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ, म्हणजे नाबाद. बार्जमेन हरले. बॅस्कम हातमोज्यातला चेंडू उंच धरून बोंबलत उठला, आणि मग सगळं मैदान बोंबललं. पोरगं पोलिसांच्या गाडीतून गावाबाहेर काढावं लागलं.

ऑरिनला चेंडू मातीत पडलेला दिसला होता, आणि कॅचरच्या हातून चेंडू सुटला की धावणारा बाद होत नाही. निदान तसं वाटलं होतं. पण एवढी माणसं एका सुरात आंधळा म्हणाली, तेव्हा त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला. अंपायरचं काम त्याने तिथेच सोडलं. त्या गडबडीत पडलेली त्याची टोपी मैदानावर तिकिटं विकणाऱ्या एका मुलीने शोधून पोचती केली. ती आर्डिस. लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या माहेरी, म्हणजे ह्याच गावात, त्याला राहायला यावं लागलं. ओळखलं कुणीच नाही. अंपायरचा जाळीमागचा चेहरा कोण बघतो? नाव तेव्हा पेपरात आलं होतं, पण शिव्या द्यायला नाव लागत नाही. गावासाठी तो फक्त 'तो आंधळा' होता. आर्डिस म्हणायची, चुकला असशील तर असशील, मी काय तुझ्या निकालांशी लग्न केलंय?

नाव वाचलं आणि ऑरिनने मला मिटलं. पुढचं पान उलटलं नाही. थोडं पुढे जायचं होतं रे बाबा, थोडंच. पण पुस्तकाला ओरडता येत नाही.

मला वाटलं, आता हा माणूस आणखी चार खिडक्या लावून घेणार. झालं उलटंच. पुढच्या शनिवारी ऑरिन ट्वेट मला काखेत घेऊन मैदानावर गेला. डॉक्टरांनी त्याला तिसऱ्या बेसच्या बाजूला आपल्या शेजारी जागा करून दिली, खारे शेंगदाणे पुढे केले. त्याच बाकावर ग्लेंडा पासेक बसायची, फुलांच्या दुकानाची मालकीण. मग डॉक्टरांनी दर मोसमाला करतात तसा होम प्लेटकडे हात केला आणि त्या जुन्या आंधळ्या अंपायरचा उद्धार केला, आणि करता करता ऑरिनला कोपराने ढोसलं. ऑरिनने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग हसला, अगदी पोट धरून.

त्यानंतर तो एकही सामना चुकवीना. औषधवाल्याकडे गप्पा मारत उभा राहू लागला, पाद्रीबाईंच्या घरी जेवायला जाऊ लागला. इतका कसा बदलला, ते मला तेव्हा उमगलं नाही. मी त्याला माझ्या नवव्या प्रकरणाचा पराक्रम समजत होतो. लेखकाचा गुण थोडाफार पुस्तकात उतरतोच.

वर्षं गेली आणि ऑरिनचे डोळे गेले. सगळे नाही, फक्त मधला भाग. कडेकडेचं दिसायचं, पण जिकडे बघावं तिथेच धुकं. गावाची एवढ्या वर्षांची मागणी अखेर मंजूर झाली म्हणायची.

ग्लेंडा ही गावातली एकमेव व्यक्ती जिने मला घ्यायला चक्क नकार दिला होता. "डॉक्टर, मला जाड पुस्तकं झेपत नाहीत. मी गुच्छ बांधता बांधता ऐकते." त्यावर डॉक्टरांनी ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, डोळ्यांखालून अक्षर जायला हवं, असं भाषण दिलं होतं. तर माझाही एक बोलका भाऊ निघाला होता. कुणा नटाने मला मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केलं होतं, आवाज असा की लोण्यात साबण कालवलाय. ऑरिनसाठी म्हणून ग्लेंडाने तो घेतला.

नदीपलीकडच्या गावात सामना होता. तिघं ग्लेंडाच्या गाडीतून निघाले. डॉक्टर पुढे बसले, ऑरिन मागे, आणि ऑरिनच्या मांडीवर मी. नट काही गाळत नाही ना, हे तपासायला डॉक्टरांनी मला मुद्दाम बरोबर घेतलं होतं. ग्लेंडा म्हणाली, तुम्ही दोघांनी वाचलंच आहे, तर सुरुवातीपासून कशाला, आपल्या गावाचंच लावते. ऑरिन म्हणाला लाव, आता काय, सगळी घरचीच माणसं.

दुतर्फा मका, खिडक्या उघड्या, नट रंगात आलेला. शेवटचा डाव सुरू झाला तसे डॉक्टर सरसावून बसले. "आता येतो बघा तो आंधळा."

"अंपायर ऑरिन ट्वाइट यांनी..." नट म्हणाला.

"ट्वेट," ऑरिन मागून म्हणाला. "साधं नाव आहे, तेही नीट घेता येत नाही."

डॉक्टरांचं हसू तोंडातच राहिलं. ग्लेंडाने नटाला बंद केलं. मागे वळायला डॉक्टरांना बराच वेळ लागला.

"ऑरिन, तो तू होतास?"

ऑरिनने मान तिरकी केली. माणसाचा चेहरा बघायचा तर आता त्याला तसंच बघावं लागे. "तुला माहीत नव्हतं?"

आता बघा. माझ्याबद्दल खोटं बोलण्यात ज्यांनी उभा जन्म घालवला, त्यांना आणखी एक खोटं सहज खपलं असतं. माहीत होतं रे, गंमत केली, एवढंच म्हणायचं होतं. त्याने सगळं जागच्या जागी राहिलं असतं. मी माझ्या पानांत श्वास रोखून होतो. आणि नेमक्या ह्या वेळी डॉक्टरांना खरं बोलायची बुद्धी सुचली.

"मी ते वाचलेलंच नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या प्रकरणाच्या पुढे गेलोच नाही कधी."

"आणि औषधवाला? पाद्रीबाई?"

"त्यांनीही नसेल वाचलं. वाचलं असतं तर मला सांगितलं नसतं का?"

ऑरिनची बोटं माझ्या कडांवरून फिरली. मग जे बोलला त्याने माझी शिवण उसवली. तो म्हणाला की पुस्तक हातात दिलंस तेव्हा मला वाटलं, ह्याला सगळं ठाऊक आहे. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, आणि तरी ही माणसं मला शेंगदाणे देतात, कोपराने ढोसतात. ही त्यांची माफ करायची पद्धत. "म्हणून आलो मी मैदानावर. मग इतकी वर्षं मी नक्की कुणाच्या शेजारी बसत होतो, वेंडेल?"

ग्लेंडाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ऑरिन उतरला आणि मक्याकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याने सीटवर ठेवलं, ठेवलं कसलं, टाकलंच.

"पुढे काय आहे त्यात?" ग्लेंडाने डॉक्टरांना विचारलं.

"माहीत नाही."

तिने खिडकीतून डोकं काढून ऑरिनला विचारलं. तो म्हणाला, मी माझ्या नावापाशी थांबलो.

"म्हणजे एकाने सुरुवातीला सोडलं आणि दुसऱ्याने मधे," ग्लेंडा म्हणाली. "आणि मला म्हणे, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे." तिने बटण दाबलं आणि आवाज पार मोठा केला.

नटाचा आवाज मक्यात घुमू लागला. आधी मैदानावरची दंगल, मग पोलिसांची गाडी, मग बार्जमेनच्या पुढच्या पडक्या मोसमाचं रडगाणं. ते वर्णन जरा लांबलंय, मला मान्य आहे. त्यानंतर मात्र पत्रकार वृद्धाश्रमात जातो, लाइल बॅस्कमला भेटायला. हा बॅस्कम म्हणजे गावचा देव, त्याचा फोटो डॉक्टरांच्या दवाखान्यात अजून टांगलेला आहे. तो मरायला टेकला होता आणि त्याने सांगितलं की चेंडू माझ्या हातातून सुटला होता. छातीखाली मातीत पडला होता. मी तो अंगाखाली झाकून पुन्हा उचलला. त्या पोराखेरीज कुणाला तो दिसणं शक्य नव्हतं, तो तेवढा खाली वाकला होता. त्याने बरोबर निकाल दिला. मी ओरडलो, माझं बघून मैदान ओरडलं, आणि मग ते थांबवायचं कसं, हे मला कळेना.

ऑरिन गाडीजवळ आला. दाराला धरून उभा राहिला.

"परत लाव," तो ग्लेंडाला म्हणाला. तिचा हात बटणाकडे गेला, तेवढ्यात म्हणाला, "नको. वेंडेल, तू वाच. तो बाबा माझं नाव चुकीचं घेतो."

डॉक्टरांनी चष्मा लावला. माझी ती पानं तोवर एकमेकांना चिकटलेलीच होती, उलगडताना करकरली. डॉक्टर वाचू लागले. वाचायची सवय नाही, त्यामुळे अडखळत होते, एक ओळ दोनदा वाचली. बॅस्कमचं बोलणं आलं तेव्हा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. ऑरिनचं नाव मात्र स्वच्छ घेतलं.

ऑरिन ऐकत राहिला. मला वाटलं होतं, आनंदाने उडी मारेल. तो एवढंच म्हणाला, "आर्डिसला सांगायला हवं होतं."

ग्लेंडाने गाडी सुरू केली. पुढचे काही आठवडे ऑरिन मैदानावर आला नाही. डॉक्टर रोज संध्याकाळी मला घेऊन त्याच्या दाराशी जात, आणि रोज परत येत. शेवटी एकदा दार उघडलं. तेव्हापासून डॉक्टर मला पहिल्या पानापासून वाचून दाखवतात. दोघंही पहिल्यांदाच ऐकतायत.

गावाला खरं सांगावं म्हणून डॉक्टर सुरुवातीला फार धडपडले. ते म्हणत, नववं प्रकरण वाचा हो, शेवटपर्यंत वाचा. लोक म्हणत, "वाचलंय की, डॉक्टर. काय लिहिलंय!" वाचलेल्या माणसाला पुन्हा वाचायला कसं सांगणार?

परवा मी त्यांच्याबरोबर मैदानावर होतो, ऑरिनच्या मांडीवर. पुढच्या बाकावरचा औषधवाला होम प्लेटकडे हात करून आपल्या पाहुण्यांना त्या आंधळ्या अंपायरची गोष्ट सांगत होता. डॉक्टर लालेलाल होऊन उठायला लागले. ऑरिनने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "तो अजून तिथपर्यंत पोचला नाही."

असा मी सध्या आहे. शिवण सैल, कोपरे मऊ, पानांत शेंगदाण्याचं मीठ. तुमच्याही कपाटात माझे भाऊबंद असतील, कुणीतरी आग्रहाने दिलेले, तुम्ही तोंड भरून वाखाणलेले. ते काही बोलणार नाहीत, आमच्यात तशी पद्धत नाही. पण त्यांच्या एखाद्या न उलगडलेल्या पानात कुणाचा तरी निकाल लागून पडलेला असेल, आणि तो माणूस कदाचित तुमच्याच शेजारच्या गल्लीत खिडकी लावून बसला असेल. तेव्हा सुचवायचं थोडं राहू द्या. आज एक पान उलटा.