कॉर्डेलची थांबायची वर्षं

मी सोफा बोलतोय. तपकिरी कॉर्डरॉयचा, तीन माणसं बसतील एवढा, डावीकडे कायमचा खचलेला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळणार नाही.

माझा जन्म मिसिसिपीतल्या एका कारखान्यातला. तिथून ट्रकमध्ये कोंबून मला अलाबामाच्या या टोकाला आणलं. सवलतीच्या दुकानात व्हर्नेल टिल्मनने मला दाबून, ठोकून, वर उसळ्या मारून पाहिलं आणि घरी आणलं. तिचा नवरा अल्विन कागदाच्या कारखान्यात कामाला. धिप्पाड माणूस, एका पायाने लंगडणारा. कामावरून आला की माझ्या डाव्या कोपऱ्यात असा काही आदळायचा की माझ्या स्प्रिंगा देवाचं नाव घ्यायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा कॉर्डेल. माझ्यावर उड्या मारू नकोस म्हणून सांगून सांगून व्हर्नेलचा घसा बसला, पण कार्टं ऐकेल तर शपथ.

तेच कार्टं बापापेक्षा उंच झालं आणि शाळेच्या फुटबॉल संघात आघाडीच्या फळीत उभं राहायला लागलं. आमच्याकडचा फुटबॉल पायांनी कमी आणि हातांनी, धडकांनी जास्त खेळतात. हेल्मेट घालायचं, चेंडू फेकणाऱ्या आपल्या गड्यापुढे ठाकायचं आणि अंगावर धावून येणाऱ्यांना थोपवायचं, एवढंच त्याचं काम. दर शुक्रवारी अख्खं गाव मैदानावर असायचं आणि मी घरात रिकामा. शाळेच्या शेवटच्या वर्षी मात्र कोच लोकच घरी यायला लागले.

आमच्याकडे रीतच आहे तशी. कॉलेजला मुलगा हवा असला की कोच त्याच्या घरी येतो, आईच्या हातचं जेवतो, बापाशी मासेमारीच्या गप्पा मारतो आणि मग हळूच मुद्द्यावर येतो. व्हर्नेल त्या दिवशी माझ्यावर धुतलेली चादर घालायची, कॅटफिश मासा तळायची, गोडाला पीचचं कॉबलर भाजायची. आणि मी बसणाऱ्याला जोखायचो. ज्याला काही हवं असतं ना, तो कधी पाठ टेकून बसत नाही. आयुष्य लोकांच्या बुडाखाली काढलंय, एवढं तर कळणारच.

कोच हॅस्किन्स आला तो असाच, अगदी कडेला टेकलेला. जवळच्या छोट्या कॉलेजचा. म्हणाला, तुमचा मुलगा सप्टेंबरमध्ये पहिल्याच सामन्यात उतरेल, गाडी काढलीत की जेवणाच्या आत मैदानावर पोचाल. कॉर्डेलचे डोळे चमकले.

मग आला म्हातारा कोच मॅडॉक्स, शेजारच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाचा. हा मात्र पाठ टेकून बसला. म्हणाला, उंची देवाने दिलीय, ताकद आम्ही देऊ. पहिलं वर्ष नुसता सराव, सामना नाही. त्याला रेडशर्ट म्हणतात, ते वर्ष खेळायच्या वर्षांच्या हिशोबात धरत नाहीत. दुसऱ्या वर्षीही बाकावरच धरा. तिसऱ्या वर्षी मी याला उतरवीन, आणि त्यानंतर याला कोणी हलवू शकणार नाही. आत्ता उतरवला तर दणकट पोरं याचे गुडघे मोडतील. व्हर्नेलने त्याला कॉबलर वाढलं, पण आणखी घ्या म्हणाली नाही.

तिचा राग मला समजत होता. त्याच आठवड्यात अल्विन डॉक्टरांकडून आला होता. कॉर्डेल शाळेत होता. माझ्यावर बसून अल्विनने बायकोला सांगितलं, मूत्रपिंडं गेली. लवकरच डायलिसिस लागेल. हृदय अशक्त आहे, त्यामुळे दुसरं मूत्रपिंड बसवायचा प्रश्नच नाही. फार तर दोन वर्षं. व्हर्नेलने माझी उशी तोंडात कोंबली आणि ती रडली. अल्विनने तिच्याकडून शपथ घेतली, पोराला कळता कामा नये.

म्हणजे बघा. एक जण म्हणत होता सप्टेंबर, दुसरा म्हणत होता दोन वर्षांनी. आणि बापाकडे होती तीच दोन वर्षं.

कॉर्डेलला हॅस्किन्सकडेच जायचं होतं. कोणत्या पोराला बाकावर बसायला आवडतं? अल्विनने मात्र ऐकलं नाही. त्याला स्वतःला कोवळ्या वयात उतरवलं होतं, पहिल्याच मोसमात गुडघा गेला आणि उरलेलं आयुष्य कारखान्यात. ते लंगडणं तिथलं. तो म्हणाला, "मॅडॉक्सकडे जा. दोन वर्षं म्हणजे काय मोठंसं? मी कुठे पळून चाललोय?"

मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी बोंब ठोकली असती. अरे पोरा, खोटं बोलतोय तुझा बाप! पण मला चार पाय आहेत, दोन हात आहेत, तोंड तेवढं दिलेलं नाही. पोरगं गेलं मॅडॉक्सकडे.

नाताळात आलं तेव्हा त्याच्या वजनाने मी कण्हलो, एवढं भरलं होतं. बापाच्या दंडावरची डायलिसिसच्या सुईची पट्टी त्याने पाहिली आणि सगळं बाहेर आलं. कॉर्डेल आईवर ओरडला, मग माझ्या हातावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. रडणं थांबल्यावर म्हणाला, कोच हॅस्किन्सशी बोलतो, छोट्या कॉलेजात गेलं तर थांबावं लागत नाही, येत्या सप्टेंबरला मैदानात.

अल्विन शांतपणे म्हणाला, "जा. पण तिकडे खेळलास तर मी टीव्ही लावणार नाही."

"मग मी खेळू कोणासाठी, डॅडी?"

"पन्नाशीत जिना चढता यावा म्हणून खेळ. माझ्यासाठी खेळशील तर दोन वर्षांत संपशील."

किती कठोर माणूस! मला त्याचा संताप आला. आणि त्याच्या पाठीचा थरकाप फक्त मला लागत होता, म्हणून रागही धरता येईना. कॉर्डेल दार आपटून गेला तो मॅडॉक्सकडेच परत.

दुसरा मोसम सुरू झाला. दर शनिवारी सकाळी डायलिसिस, मग अल्विन घरी येऊन माझ्या कोपऱ्यात पडायचा आणि टीव्हीवर सामना बघायचा. सामना कसला, बाक बघायचा. कॅमेरा चुकून तिकडे वळला की म्हणायचा, "तो बघ, तिसरा." आवाज रोज बारीक होत चालला होता. आणि तो स्वतः इतका हलका झाला की माझ्या स्प्रिंगा परत वर यायला लागल्या. मला ते सहन होईना.

मोसमाच्या शेवटी शेवटी एका शनिवारी व्हर्नेल वृद्धाश्रमात कामाला गेली होती. सामना एकतर्फी झाला होता, मॅडॉक्सचा संघ कितीतरी पुढे. अल्विनचा डोळा लागला. आणि मॅडॉक्सने थकलेल्या गड्यांना बाहेर काढून बाकावरची पोरं आत पाठवली. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, टिल्मन.

अल्विन, ऊठ. ऊठ ना रे! कॉर्डेल वाकला, चेंडू निघाला आणि त्याने समोरच्या धटिंगणाला असा आडवा केला की तो पुन्हा उठायचंच विसरला. मी मनातल्या मनात जिवाच्या आकांताने ओरडत होतो. माणसाला झोप यावी म्हणून मला बनवलंय, आणि त्या दिवशी मी माझ्या मऊपणाला शिव्या दिल्या. सामना संपला. टीव्हीवर ट्रॅक्टरची जाहिरात लागली. टेप करणारा व्हीसीआर कधीच बंद पडला होता.

फोन वाजला तेव्हा अल्विन जागा झाला. पलीकडून कॉर्डेलचा आवाज मलाही ऐकू येत होता. "डॅडी, बघितलंत?"

अल्विनने टीव्हीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं.

"बघितलं ना," तो म्हणाला. "वाकलेला असतानाच ओळखलं मी तुला."

"त्याला आडवा केला तेव्हा?"

"इतका ओरडलो, की शेजारीण विचारायला आली."

पोरगं हसलं, मग रडलं, मग पुन्हा हसलं. फोन ठेवल्यावर अल्विनने टीव्ही बंद केला. संध्याकाळी व्हर्नेल आली तर तिलाही म्हणाला, बघितलं मी. फेब्रुवारीत तो गेला.

आता कॉर्डेल तिसऱ्या वर्षाला आहे. म्हातारा मॅडॉक्स खोटं बोलला नव्हता. पोरगं प्रत्येक सामन्यात उतरतं आणि त्याला कोणी हलवू शकत नाही. व्हर्नेल बहिणीकडे राहायला निघालीय, मला बाहेर रस्त्याच्या कडेला ठेवलंय. काल न्यायला आलेल्या माणसाला कॉर्डेलने परत पाठवलं. म्हणाला, हा माझ्याबरोबर येणार, याच्यावर बसून डॅडींनी मला खेळताना पाहिलंय.

त्या खोलीत त्या दिवशी जागा होतो तो फक्त मी. तुम्ही ऐकलंत तेवढं पुरे. तो कुठे भेटलाच, तर तुमच्या पाया पडतो, त्याला सांगू नका.