मी ऐकलं, पण आकड्यात

जन्मभर ऐकतच आलोय, आज माझंही कुणी ऐका. मी आवाजमापक. वीतभर अंग, डोक्यावर काळ्या स्पंजचं टोपडं. कारखान्यात मला एकसुरी शिट्टी ऐकवली, मी आकडा बरोबर दाखवला, झालो पास. तेव्हापासून हसणं, रडणं, भांडण, काही कानावर पडो, माझ्या पोटात त्याचा आकडाच होतो. शब्द कळतो, पण बाहेर दाखवता येत नाही. हा माझा पहिला तुरुंग.

दुसरा लोखंडाचा. जलद बसचा मार्ग पुढे वाढवायचा घाट घातला होता. बसचा पट्टा एका जुन्या इमारतीला खेटून जाणार. त्याआधी तिथल्या माणसांना काय त्रास होईल ते तपासायला मला पाठवलं. पाहणीवाल्या बाईंनी मला जाळीच्या पिंजऱ्यात कोंडलं नि तळमजल्याच्या खिडकीला कुलूप घालून टांगलं.

"चोवीस तास. कुणी हात लावायचा नाही."

खिडकी होती घड्याळजींची. म्हाताऱ्यांचे डोळे कधीच अधू झालेले, पण कान असा की घड्याळ कानाशी धरून म्हणत, "सूनबाई, याचं तिसरं चाक लंगडतंय." सून चिमटा घेऊन बसे, ते सांगत तसं करी. दोघांचं पोट त्या टिकटिकीवर. खिडकीशी बस घुमायला लागली तर टिकटिक कुठून ऐकू यावी? म्हणून सुनेला मध्ये आवाज अडवणारी भिंत हवी होती.

तिनं विचारलं, "आकडा मोठा आला तर भिंत मिळेल ना?"

बाईंना पुढच्या गल्लीची घाई. "येईल तो येईल," म्हणाल्या नि गेल्या.

झालं! सूनबाई वरच्या काकूंना म्हणाली, "काकू, याला असं ऐकवू की आकड्यांचा कागद फाटला पाहिजे."

"अगं, माझ्या घरचे घोरतात तेवढ्यानंच फाटेल," काकू म्हणाल्या, "पण आण तुझी परात."

मग काय विचारता! पराती बडवल्या, टेबलं फरफटवली, दारं आपटली. म्हातारे आतून ओरडले, "अगं, आपली रोजची गल्ली ऐकू दे त्याला!"

"मामंजी, तुम्ही गप्प बसा. गरीब गाईला कुणी विचारत नाही."

मी पिंजऱ्यात तडफडत होतो. मला हिशोब ठाऊक होता. बघायचं असतं ते एवढंच, की आजच्या आवाजात बस किती भर घालील. काठोकाठ भरलेल्या घागरीत ओंजळभर पाणी ओतलं तर कुणाला कळतं? बायांनो, थांबा गं! पण माझ्याकडे तोंड कुठंय? प्रत्येक परातीचा मी इमानानं आकडा करत राहिलो. रागावू तरी कुणावर? स्वतःच्याच पोटावर?

बसमार्गाच्या सुनावणीला दिवाणखान्याएवढ्या सभागृहात मला नमुना म्हणून टेबलावर ठेवलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी वाचलं, "या ठिकाणी आवाज मुळातच फार. बसमुळे विशेष फरक नाही. भिंतीची गरज नाही."

सूनबाईचा चेहरा उतरला. काकू पायाच्या अंगठ्याकडे बघत बसल्या. मला वाटलं, आता म्हातारे तिला फाडून खातील. त्यांनी चाचपत तिचा हात धरला.

"ऊठ. आता मोठ्यानं बोल, इथं चालतं."

ती उठली. म्हणाली, "साहेब, ती गल्ली नव्हती, मी होते. परात बडवली मी. आमच्या गल्लीत एरवी घड्याळ ऐकू येतं. चूक माझी आहे, शिक्षा म्हाताऱ्याच्या कानाला देऊ नका. पुन्हा मोजा."

सभागृहात कुणीतरी हसलं. पाहणीवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मीच नीट सांगायला हवं होतं." नि कागदावर लिहिलं, 'फेरमोजणी व्हावी.' साहेबांनी तो कागद वरच्या कचेरीत धाडला.

त्याला चार महिने झाले. मी कपाटात आहे, बॅटरी काढलेली, म्हणजे आकडे बंद, कान नाहीत, दाराला बाहेरून कडी. रस्त्यावर आखणीच्या खुंट्या ठोकल्याचं शिपाई परवा कुणाला सांगत होता. कागद आधी येतो की रस्ता, देव जाणे.

कुणी दार उघडलंच नि मी तुमच्या खिडकीशी आलो, तर एवढं करा. माझ्यासाठी काही करू नका. पोरांना रागवा, भाजी चिरा, घोरा, जसे आहात तसे राहा. तुमचं खोटंही मी खऱ्याइतकंच इमानानं जपतो, आणि मग ते माझ्याच्यानं खोडवत नाही.